घड्याळ मागे होतं, दादा

दादा,

कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. एकही सुरक्षित साइट उघडेना, तेव्हा तू म्हणालास, "व्हायरस आलाय, हात लावू नकोस." मी लावला. ब्राउझर काढून पुन्हा टाकला, वायफाय बंद-चालू केलं, फरक शून्य. मग पडद्यावरचा इशारा नीट वाचला. घड्याळ मागे होतं, चांगलं दोन वर्षं. तारीख चुकीची असली की ब्राउझर कुठल्याच साइटवर विश्वास ठेवत नाही. ती आपोआप लागायचं बटणही कुणीतरी बंद केलं होतं, आणि बाबांना तर माउससुद्धा धरता येत नाही.

मी नोकरीला गेले तर बाबांचं कोण करणार, हे तोंडावर विचारलं असतंस तर आपण बोललो असतो.

तारीख नीट केली, साइट उघडली आणि बंदरावरच्या क्रेन चालवायच्या नोकरीला हो कळवलं. आज रुजू होतेय. परत बोलावू नकोस, येणार नाही.

बाबांची दुपारची गोळी फ्रिजवर आहे. अंघोळीला त्यांना धरून न्यावं लागतं. ओरडतात, पण तू हात सोडू नकोस.

कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललाय. तो फक्त बाबांना सांगितलाय. त्यांच्याजवळ बस आणि गोडीत विचार.

— धाकटी