चुड्यावरची ओली पट्टी

धामापूर

प्रिय आई,

प्रिय असं शाळेत लिहायला शिकवलं म्हणून लिहिलं, त्यात माया शोधू नका. माझा फोन तुम्ही उचलत नाही आणि तुमच्या लेकाकडून, ओंकारकडून, निरोप पाठवावा तर तो तुमच्यासमोर अर्धा गिळतो आणि माझ्यासमोर उरलेला गिळतो. म्हणून लिहून त्याच्याच हाती देते आहे. आमच्या इस्पितळातल्या यशोदामावशींचं नाव तुम्ही भर बाजारात नासवलंत. ते तुम्हालाच धुवायचं आहे आणि ते कसं, हे शेवटी सांगते. आधी सगळं वाचा, मधेच चुलीत घालू नका.

लग्नानंतर अकराव्या दिवशी मी नर्सच्या ड्युटीवर निघाले तेव्हा तुम्ही दारात आडव्या आलात. माझा हिरवा चुडा तुम्ही मोजलात. एका हातात दहा, एका हातात अकरा. सव्वा महिना यातली एकही उतरायची नाही, असं बजावलंत. मी सांगितलं, आमचा वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आहे, तिथे कोपरापर्यंत हात मोकळे लागतात, घड्याळसुद्धा चालत नाही. तुम्ही म्हणालात, "चुडो उतरवलंस तर माझ्या झिलाच्या जीवार येतला." मग तुमच्या जावेची गोष्ट सांगितलीत. तिची बांगडी सकाळी वाढवली आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याची होडी आली नाही. त्या आठवड्यात ओंकार आणि दाजी बोटीवरच होते. बाप-लेक दोघं एका बोटीवर असलेल्या घरात आलेली मी नवी मुलगी. मी काय बोलणार होते?

पण तुमच्याच माथी सगळं मारून मी सुटणार नाही. मी शिकलेली आहे. मला नियम ठाऊक होता. मी काय केलं, तर चुडा वर सरकवला, त्याच्यावर दोन्ही हातांना गॉजची पट्टी गच्च गुंडाळली आणि वरून लांब बाहीचा गाऊन घातला. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, पडले, दोन्ही मनगटं लचकलीत. दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचे, पाणी बाहीतून आत जायचं आणि पट्टी दिवसभर ओली राहायची. संध्याकाळी घरी आले की तुम्ही हात धरून बांगड्या मोजायच्या. एकवीस भरल्या की तुमचा जीव भांड्यात पडायचा. माझा हात खाजून लाल झालेला तुम्हाला दिसत होता. त्याबद्दल तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत.

ती पट्टी एकीनेच ओळखली. यशोदामावशींनी. बाळांचे लंगोट बदलणं, फरशी पुसणं ही त्यांची कामं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, दोन्ही हात मोकळे. त्या मला म्हणाल्या, "बाय, ह्या ओला आसा, सोडून टाक." मी हसण्यावारी नेलं.

मग जानेवारीत बाळं आजारी पडायला लागली. आमच्याकडे बाळांना नाव नसतं, पायातल्या पट्टीवर आईचं नाव असतं. बेबी ऑफ पूजा हे इन्सुली गावचं, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं, सव्वा किलोचं. सोमवारी दूध पचेना, पोट फुगलं, मंगळवारी अंग थंड पडलं, बुधवारी गेलं. शुक्रवारी बेबी ऑफ सुगंधा गेलं. आणखी चार बाळं अत्यवस्थ होती, ती वाचली. पूजाच्या नवऱ्याने बाळाचं टोपरं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हे घरी न्यायचं की इथेच ठेवायचं.

तुम्हाला जंतू म्हटलं की गटार आठवतं. हा जंतू तुमच्या पोटात आहे, माझ्याही पोटात असेल. आपल्या आतड्यात तो निमूट राहतो, आपलं काही बिघडवत नाही. पण न धुतलेल्या किंवा अर्धवट धुतलेल्या हातावरून तो सव्वा किलोच्या बाळात गेला, तिथून रक्तात उतरला, की औषधांनाही जुमानत नाही. तपासणीवाले आले. त्यांनी बेसिनच्या जाळीचे, दूध कोमट करायच्या भांड्याचे, बाळांच्या शीचे आणि आम्हा सगळ्यांच्या हातांचे नमुने नेले. अहवाल यायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ तुम्हाला पुरला.

तुम्ही मासळीच्या पाटीमागे बसून म्हणालात, "बोडक्या हाताच्या बायलेक पोरांका हात लावूक देतत, मग आणि काय होतला?" सुरमई कापता कापता म्हणालात, गिऱ्हाईकं ऐकत होती. दोन दिवसांत ते वाक्य वॉर्डाच्या दारात पोचलं. नातेवाईकांनी यशोदामावशींना जिन्यात अडवलं, त्यांच्या अंगावर थुंकले. त्या ठेकेदाराकडून कामाला, त्याने दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. कोणीही त्यांची बाजू घेतली नाही. मीही नाही.

अहवाल आला. बेसिनच्या जाळीत तो जंतू सापडला आणि अकरा जणांच्या हातांपैकी दोन हातांवर सापडला. ते दोन्ही हात माझे होते, मनगटाच्या वर, चुड्याखाली. डॉक्टर म्हणाले, जाळीतून तुझ्यावर आला की तुझ्याकडून बाळांकडे गेला हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. ते मला सावरायला बघत होते. मला काय ते कळलं. यशोदामावशींच्या हातांवर काहीही सापडलं नव्हतं. त्यांना चौकशीला बोलावलं तेव्हा माझ्या पट्टीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नवी सून आहे, तिला घर करायचं आहे, असं त्यांच्या मनात असेल. ज्या घरासाठी त्या गप्प बसल्या त्याच घरातून त्यांच्यावर चिखल उडवला गेला होता.

हे कळूनही मी आठ दिवस तोंड उघडलं नाही. त्या आठ दिवसांची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच नाही. नवव्या दिवशी साबण लावून चुडा उतरवला आणि चौकशी समितीला सगळं लिहून दिलं. तुम्ही अंगणात उभं राहून मला पांढऱ्या पायाची म्हणालात. बोट दुसऱ्या दिवशी धक्क्याला लागली, बाप-लेक धडधाकट उतरले, मासळीही चांगली मिळाली होती. मी माहेरी आले, कामावरून निलंबित झाले, यशोदामावशींना परत बोलावलं गेलं. मी पाया पडायला गेले तर त्यांनी दार लावून घेतलं. ते बरोबरच आहे.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते. परवा तुमची लेक वर्षाली बाळंत झाली, सात महिन्यांची, बाळ एक किलो तीनशे. बेबी ऑफ वर्षाली, त्याच वॉर्डात, खिडकीकडून तिसऱ्या पेटीत. मी काचेबाहेरून पाहिलं, मला आत सोडत नाहीत. वर्षालीताईचं बीपी उतरत नाही, तिला उठवता येत नाही, आणि बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला घरचं माणूस हवं म्हणून डॉक्टरांनी आजीला बोलावलं आहे. तुम्ही दोन दिवस गेला नाहीत. उलट ओंकारकडे निरोप दिलात, "भक्तीक सांग, त्या बायलेक माझ्या नातीक हात लावूक देव नको." आई, तुमच्या नातीचे लंगोट परवापासून तीच बाई बदलते आहे, आणि नात जिवंत आहे. वॉर्डाच्या दारात आता नवा नियम आहे, आत जाणाऱ्या प्रत्येक बाईने बांगड्या उतरवायच्या, आजीनेसुद्धा. त्या ठेवायला स्टीलचं भांडं घेऊन यशोदामावशी उभ्या असतात. दाजी आज पहाटे बोटीवर गेलेत, हे मला ठाऊक आहे. मला जे तुम्ही करू दिलं नाहीत ते आता तुम्हाला करायचं आहे, दाजी समुद्रावर असताना, त्या बाईच्या समोर. त्यांचं नाव धुवायचं ते असं. भेटीची वेळ उद्या अकराची आहे. काचेच्या बांगड्या तशा सुटत नाहीत, साबण लागतो. यशोदामावशी मागितल्यावर देतील.

तुमच्या हातांची वाट बघणारी,
भक्ती