पान तोंड मिटतं तेव्हा

प्रिय अक्का,

तुझा तो फोन रेंज गेली म्हणून नाही कटला, मीच कट केला. दाजींनी केरबाकाकांना नर्सरीवरून काढून टाकलं असं तू म्हणालीस आणि पुढचं मला ऐकवेना. तू परत लावलास, मी उचलला नाही. म्हणून हे लिहून राहिलो. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लांब कधी लिहिलं नाही, चुका सांभाळून घे.

संक्रांतीला तुमच्याकडं उदगीरला आलो होतो तेव्हा मी किती जोशात होतो, आठवतं? ताटावर बसून दाजींना समजावत होतो. माती वाळली की झाड स्वतःच एक हार्मोन बनवतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं असतात, तिथनं पाणी उडून जातं. त्या तोंडाजवळच्या पेशींत एक प्रोटीन असतं, त्याला खिसा असतो. हार्मोन त्या खिशात जाऊन बसलं की वरचं झाकण पडतं आणि प्रोटीनचा आकारच बदलतो. मग ते दुसऱ्या प्रोटीनला जाऊन धरतं. त्या दुसऱ्यानं तोवर तिसऱ्याला दाबून ठेवलेलं असतं. तिसरं सुटलं की पान तोंड मिटतं, पाणी वाचतं. दाजी म्हणाले, “मग तुझ्या अक्कावर मार की थोडं, तोंड मिटायला!” तू पळी उगारलीस. मला वाटलं, आज खरंच काहीतरी कळालं यांना.

दाजींचं स्वप्न मला ठाऊक होतं. उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस होणार, आणि त्याच्यापुढं त्यांच्या विरूपाक्ष नर्सरीची लिंबं-करंजं लागणार. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय आणि हे रोपांना टँकर घालतायत, म्हणून लोक हसायचे. मी म्हणालो, दाजी, हार्मोन फवारा, पाणी अर्ध्यावर आणा. माझ्याकडं पुरावा होता ना! लातूरच्या घरी गच्चीवर मी लिंबा-करंजाच्या कुंड्यांच्या दोन रांगा केल्या होत्या, एक फवारलेली, एक तशीच. दोन्हींचं पाणी बंद. मी नांदेडला होस्टेलवर, रविवारी येऊन फोटो काढायचो. बिनफवारलेली रांग करपली, फवारलेली हिरवीगार. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना दाखवत फिरलो.

नर्सरीत केरबाकाकांना फवारायला मीच शिकवलं. त्यांनी एकच विचारलं होतं, “सायब, पानाच्या पोटाला मारू का पाठीला?” पोटाला म्हणालो. एकेक पान उलटं करून मारत होते ते, उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी सावलीत उभा राहून बघत होतो.

गेल्या रविवारी मी न सांगता सकाळीच घरी पोचलो. आपल्या अव्वाची इष्टलिंगाची पूजा नुकतीच झाली होती. ती पूजेच्या पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर चढली आणि मागनं मी. तिनं फवारलेल्या रांगेत एकेका कुंडीला धार धरली. मी ओरडलोच. ती दचकली आणि म्हणाली, “मोरीत कसं टाकू रे हे पाणी? देवाचं हाय. पहिल्यापासून इथंच घालते, तुझ्या औषधाच्या कुंड्यास्नी. त्या वाळलेल्यांना घालून काय उपयोग?” लिंबा-करंजाला काय, तेवढं पुरलं. अक्का, तिचं काय चुकलं? तिनं तर माझ्याच कुंड्या जपल्या. मी एकदाही मातीत बोट घालून बघितलं नाही. पान कितीही घट्ट तोंड मिटू दे, मातीत थेंबच नसला तर ते टिकवणार काय?

त्याच दिवशी दाजींना फोन करून म्हणालो, पाणी पूर्ववत करा. का ते सांगितलं नाही. दाजी उलट खूश, “बघ, सायंटिस्टचं लक्ष हाय आपल्यावर!” तोवर अर्धी रोपं गेली होती.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. काकांना काढण्याआधी दाजींनी मला विचारलं होतं. “सिद्धू, औषध नीट मारलं असतं तर रोपं मेली असती का? खरं सांग.” आणि मी म्हणालो, “नाही मरायला पाहिजेत.” तेवढंच. दाजी म्हणाले, “म्हंजे केरबानं घाण केली,” आणि मी गप्प बसलो. काकांना दाजींनी नाही, मी काढलंय. शनिवारी मी उदगीरला येतोय. दाजींना सगळं सांगणारच आहे, पण मग ते अव्वाच्या तांब्यावरनं चार लोकांत हसतील, आणि काका तरी परत कामावर येतील का, कुणास ठाऊक. तू दोघांनाही माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. मी आधी दाजींसमोर उभा राहू, का सरळ काकांच्या दारात जाऊ? तुला काय वाटतं?

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
सिद्धराम