साडेचारची घोषणा

प्रिय भोंगा,

समोरासमोर बोलायला गेले असते तर तू रडली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसले असते, म्हणून लिहिते आहे. बाळ असताना तू असा काही टाहो फोडायचीस की बाबांनी तुझं नावच भोंगा ठेवलं, आणि बघ, अख्ख्या स्टेशनाला गाड्यांच्या वेळा सांगायची नोकरीही तुलाच लागली. लोक दुरून येतात, त्या जुन्या घुमटाचे फोटो काढतात आणि माना वर करून तुझा आवाज ऐकतात. मी त्याच घुमटाखाली सामानघराच्या खिडकीत बसून बॅगांना चिठ्ठ्या बांधते. माझ्याकडे लोक नीट बघतात ते फक्त पावती हरवल्यावर.

हे मला खुपायचं. आज खरं लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. गाडीत आईने खिडकीची जागा नेहमी तुला दिली, मला डब्यांच्या पिशवीशेजारची. तुझी वेणी कमरेपर्यंत, माझे केस बाबांवर गेलेले. हे सगळं मी गिळलं, कारण तू ताई ताई करत माझ्या मागे मागे फिरायचीस आणि तुझ्यावर रागावणं मला कधी धड जमलं नाही. चावीवाल्याचं मात्र गिळता आलं नाही.

स्टेशनातल्या जुन्या घड्याळांना चावी देणारा तो माणूस तीन वर्षं रोज आपली पिशवी माझ्या खिडकीत ठेवून मग मनोऱ्यावर जायचा. दार उघडलं की वरची कबुतरं थेट त्याच्या तोंडावर यायची. आधीच आवाज होऊन ती उडून जावीत, म्हणून त्याच्या चाव्यांच्या जुडग्याला मी पितळी घुंगरू बांधून दिलं. घुंगरू जरा चिरलेलं होतं, त्यामुळे ते वाजायचं कमी आणि खरखरायचं जास्त. मग एकदा तू डबा विसरलीस आणि मी मूर्खपणाने तो त्याच्याच हाती वर तुझ्या घोषणेच्या खोलीत पाठवला. दोन महिन्यांत तुमचं ठरलं. तू मला मिठी मारून म्हणालीस, ताई, तुझ्यामुळे जमलं. मी हसले. त्या दिवशी मी चार बॅगांना चुकीच्या चिठ्ठ्या बांधल्या.

आज त्याला कोठडीत सव्वीस दिवस झाले. त्या मंगळवारी साडेचारला माझ्या खिडकीसमोरच्या, पाहुण्यांच्या जुन्या दालनातली काच फुटल्याचा आवाज हमालांनी ऐकला. धावत जाऊन बघतात तर काचेच्या कपाटातलं सोन्याचं जुनं घड्याळ गायब, आणि आपले पहारेकरीकाका डोक्यात घाव बसून पडलेले. काका गेलेच. दालनाची किल्ली काकांखेरीज फक्त चावीवाल्याकडे. तेव्हा तो तुझ्या घोषणेच्या खोलीत होता हे तू कंठशोष करून सांगितलंस, पण होणाऱ्या बायकोचं कोण ऐकतंय? त्यात माझी साक्ष, की साडेचारला मी त्याला दालनातून बाहेर पडताना पाहिलं. त्यानंतर घरी तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस आणि म्हणालीस, तुला दिसलं ते तू सांगितलंस, तुझा काय दोष? मी तुझे केस विंचरत बसले. खरं सांगू? बरं वाटलं मला. तो तुझ्याकडेही उरला नव्हता, आणि तू पुन्हा माझ्या मागे मागे फिरत होतीस.

भोंगा, मी त्याला पाहिलं नव्हतं. मी कोणालाच पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी मी दालनाकडे पाठ करून भिंतीवरच्या कर्ण्याकडे बघत होते. साडेचारची घोषणा संपल्यावर तू माईकचं बटण बंद करायला विसरलीस, हे तुला अजूनही माहीत नाही. दोन-तीन सेकंदच गेले असतील. त्या गजबजाटात दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसेल. तू हसलीस, आणि तुझ्या हसण्यामागे माझं चिरलेलं घुंगरू खरखरलं. अंगाची नुसती आग आग झाली. अर्ध्या तासाने इन्स्पेक्टर विचारायला आले तेव्हाही ते माझ्या कानात वाजतच होतं. खरा खुनी मोकळा फिरतोय, आणि हे सव्वीस दिवस त्याला मी दिले. घोषणांचं रेकॉर्डिंग तीस दिवस ठेवतात आणि मग पुसून टाकतात. इन्स्पेक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. पत्र हमालदादांच्या हाती देऊन आत जाईन आणि त्यांना ते साडेचारचं रेकॉर्डिंग घुंगरासकट ऐकायला लावीन. खोट्या साक्षीला शिक्षा असते, तेव्हा आज घरी माझी वाट बघू नकोस. त्याला सोडतील. तो आला की जुडग्याचं ते घुंगरू सोडून घे आणि मला पाठव. तो तुझा. घुंगरू माझं आहे.

तुझीच,
ताई