आधी गॅस, मग बूट

रविवार, १४ मार्च
संध्याकाळचे पाच

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत. तुझे गुडघे काय म्हणतात? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण तू कागद फाडणारी बाई नाहीस. माझी नापासाची प्रगतिपुस्तकंसुद्धा तू अजून जपून ठेवली आहेस.

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. का, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्याकडे येतो. आधी आजची गंमत ऐक, कारण ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळली तर मला जन्मभर चुटपुट लागेल.

आज आमच्या अग्निशमन केंद्राला आग लागली.

हो, केंद्रालाच. बरोबर वाचलंस. कुणाला साधा चटकाही बसला नाही. स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली, पडदा गेला, शेगडी गेली. हसायचं असेल तर हसून घे, मी थांबतो.

तर झालं असं. दर रविवारी सकाळी आम्ही आसपासच्या लोकांचा वर्ग घेतो. गॅसची नळी कशी तपासायची, धुराचा अलार्म घरात कुठे लावायचा, बंब बोलावताना पत्ता कसा सांगायचा, वगैरे. येतात ती बहुतेक निवृत्त मंडळी. एक शिंपीणबाई आहेत, सत्तरीच्या, जीभ कात्रीसारखी. एक जुने बस कंडक्टर आहेत, ते अजूनही दारात उभ्या माणसाला ‘पुढे सरका’ म्हणतात. मी मास्तर. फळ्यावर मी बंबाचं चित्र काढलं, तर कंडक्टरसाहेब म्हणाले, “म्हैस छान जमलीय.” माझी चित्रकला तुला ठाऊकच आहे.

वर्ग संपला की मंडळींना काहीतरी गरम खायला घालायचं, ही आमची पद्धत. आज बटाट्याचे काप तळायचे होते. कढईत तेल तापत होतं, आणि घंटा वाजली. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून धूर येतोय, अशी वर्दी.

आमच्याकडे याचा एक नियम आहे. घंटा वाजली की शेगडीपाशी ज्याची पाळी असेल त्याने गॅसच्या बटणाला हात लावायचा, तो बंद करायचा आणि मोठ्याने ‘बंद!’ असं ओरडायचं. ते ऐकल्याशिवाय कुणी बंबावर चढत नाही. भिंतीवर लाल रंगात लिहिलंय, ‘आधी गॅस, मग बूट’. अक्षर माझं आहे. आजही ‘बंद!’ अशी आरोळी आली, आम्ही सगळ्यांनी ऐकली आणि सुटलो. पाळी कुणाची होती ते तूर्त राहू दे.

इस्त्रीवाल्याकडे धूर कसला, वाफ होती! नव्या इस्त्रीने भसाभसा वाफ सोडली आणि समोरच्या दुकानदाराने फोन फिरवला. त्याची समजूत घालून परत आलो, तर आमच्याच फाटकात दुसऱ्या केंद्राचा बंब उभा. त्यावर त्यांचा प्रमुख, ज्याला आम्ही सगळे भोंगा म्हणतो. मला बघताच तो अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, “या साहेब! आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत धावलो, तर वर्गातली मंडळी अंगणात ओळीने उभी आणि कंडक्टरसाहेब बोट दाखवून मोजतायत. आग कधीच विझली होती. शिंपीणबाईंनी विझवली होती, ताई! धूर दिसताच त्या आत गेल्या, गॅस बंद केला, आणि सगळ्यात मोठं झाकण ढालीसारखं पुढे धरून कढईवर सरकवलं. कुणीतरी बादली घेऊन धावलं, त्याच्यावर खेकसल्या, “तेलावर पाणी टाकाल तर याद राखा! मागच्या रविवारी झोपला होतात का?”

तिकडे कंडक्टरसाहेबांनी कंट्रोल रूमला फोन लावलेला.

“पत्ता सांगा,” तिथली मुलगी म्हणाली.

“अग्निशमन केंद्र.”

“हो काका, अग्निशमन केंद्रच बोलतंय. आग कुठे लागलीय?”

“अहो बाई, तिथेच!”

हे म्हणे तीन वेळा झालं. शेवटी त्यांनी खिशातून शिट्टी काढून फोनमध्ये फुंकली, तेव्हा कुठे तिने भोंग्याला पाठवलं. हे ऐकून आमचे जवान हसून हसून जमिनीवर बसले. मीही हसलो. पण आत जाऊन भिंत पाहिली आणि हसू जिरलं. माझी अर्धी ओळ काजळीने गिळली होती, वाचता येत होतं ते फक्त ‘मग बूट’.

मग शिंपीणबाईंनी विचारलं, “पाळी कुणाची होती?”

ताई, पाळी माझी होती.

हाताने बटणाला स्पर्शही केला नव्हता. एकतीस वर्षांची सवय, तोंड आपोआप ओरडलं आणि पाय पळाले. ज्याने नियम लिहिला, त्यानेच तो मोडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सगळ्यांसमोर “माझी” म्हणालो आणि मान खाली घालून कात्रीची वाट पाहत उभा राहिलो. बाई जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “होतं असं. कुठे भाजलं नाही ना तुम्हाला?”

“अहो, मी तर इथे नव्हतोच.”

“मग पाणी प्या. चेहरा बघा केवढासा झालाय.”

बस, एवढंच. मी बंबामागे गेलो आणि छप्पन्न वर्षांचा घोडा ढसाढसा रडलो. कारण मला तुझा जिना आठवला.

तुझ्याकडेही कढईच होती, तेलच होतं. तीही अशीच विसरलेली. सगळी इमारत जिन्यावर जमली होती, तू काजळीने भरलेले हात घेऊन उभी होतीस, आणि मी गणवेशात, हेल्मेट घालून तुला म्हणालो, “अक्कल गहाण ठेवलीस का? म्हातारपणी चार घरं जाळणार आहेस?” तू उलट सगळ्या जवानांना पाणी दिलंस. मलाही दिलंस. ते मी प्यायलो आणि निघून गेलो.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू पंधराची. तुझ्या हातचं खाऊनच मी वाढलो. त्या हातांना मी असं बोललो. माझं चुकलं, ताई. फार चुकलं. हे त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

आणि आजवर सांगितलं नाही ते सांगतो. मला राग आलाच नव्हता. वर्दीचा पत्ता वाचला गेला आणि तो तुझा निघाला, तेव्हा हेल्मेटचा पट्टा मला लावता येईना, शेजारच्या जवानाने लावून दिला. इतक्या आगी पाहिल्या, कधी असं झालं नाही. तू धडधाकट दिसलीस आणि ती सगळी भीती भलत्याच शब्दांत बाहेर पडली.

भाचीचा फोन आला होता. त्या दिवसापासून तू शेगडीच पेटवली नाहीस, डब्याचं जेवतेस, असं तिने सांगितलं. आता भांडी वाटायला काढली आहेस आणि महिनाअखेरीला कायमची तिच्याकडे राहायला जाणार आहेस. लेकीकडे हौसेने जात असशील तर ट्रंक डोक्यावर घेऊन पोचवायला मी येतो. पण माझ्या त्या दोन वाक्यांपायी स्वतःच्या शेगडीला भिऊन घर सोडू नकोस.

पुढच्या रविवारच्या वर्गाचा विषय आहे, ‘मास्तरांची चूक’. त्यात मी आजची सांगणार आहे आणि जिन्यातलीही. तू ये. शिंपीणबाईंना तुला बघायचंय. म्हणतात, याला लहानाचं मोठं करणारी बाई आहे तरी कशी! नवी शेगडी शनिवारी येतेय, तिच्यावर पहिला चहा तू ठेव. मी शेजारी नुसता उभा राहीन, तोंड मिटून. चहा झाला की बटणाला हात लावून ‘बंद!’ तू ओरडायचं, अंगणापर्यंत ऐकू जाईल असं. पूर्वी मला जेवायला हाक मारायचीस तसं.

भांडी काय वाटायची ती वाट. मोठं पातेलं मात्र कुणाला देऊ नकोस. ते घेऊन ये. बावीस माणसांचा चहा आहे.

अक्कल गहाण ठेवलेला,
तुझाच,
धाकटा