नुसतं एन्टर

४ फेब्रुवारी, सोमवार

माणसं वाचतच नाहीत! स्क्रीनवर स्वच्छ लिहिलंय — "काच घासायला घेऊ? हो किंवा नाही." मशीनवर बसणाऱ्या ताईंनी काय लिहावं? "घ्या." घ्या म्हणे! आता ते 'घ्या' मशीननं काय चाटायचंय?

नावाला चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना, पण डोळे उघडून कोणी बघेल तर शपथ. मी लिहिलेली बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली हुकुमांची साधी यादी, असं काय मोठं मागते? सकाळी एकदा चालू करायची. काळ्या खिडकीत एकेक प्रश्न येतो. ऑर्डर नंबर? उजवा डोळा? डावा डोळा? डॉक्टरची चिठ्ठी समोर असते. बघायचं, आकडा लिहायचा, एन्टर. शेवटी 'हो' म्हणायचं. मशीन काच घासायला लागतं आणि फाईल परत पहिल्या प्रश्नावर येऊन पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघते. चौथीतलं पोर करील.

ताई म्हणतात, "किती विचारतं हो हे तुमचं! लग्न ठरवताना माझ्या सासूनं एवढं विचारलं नव्हतं." घासणीच्या खोलीतले सगळे फिदीफिदी हसले. हसा!

५ फेब्रुवारी, मंगळवार

'घ्या' लिहिलं तरी चालेल अशी सोय केली. उद्या 'हूं' लिहितील. परवा नुसती मान डोलावतील.

७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी काउंटरवर एक मास्तर आले. चष्मा आपटायचाच बाकी ठेवला होता. "उजव्या डोळ्यानं फळा भिंतीवर असतो, डाव्यानं अंगावर येतो! वर्ग हसतो मला!" चिठ्ठी काढून बघितली. मास्तरांच्या डाव्या डोळ्याला नंबरच नाही. रकाना रिकामा, म्हणजे साधी काच घालायची. आणि चष्म्यात बघावं तर ही एवढी जाड काच!

साहेबांनी ताईंना बोलावलं. ताई म्हणाल्या, "मी बरोबर भरलं होतं." बरोबर भरलं होतं म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. मास्तरांना नवी काच द्यावी लागली, वर चहा.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझाही चष्मा करायला टाकला. फक्त उजव्या डोळ्याला नंबर लागलाय — म्हातारपण आलं, पण अर्धंच! ताई जेवायला गेल्या होत्या. त्यांची कशाला वाट बघा? मीच खुर्चीत बसलो, मीच सगळी उत्तरं भरली. खुर्चीवर त्यांनी घरून आणलेली फुलाफुलांची उशी आहे. काम कमी आणि थाट बघा.

डोकं जागेवर असलं की अर्ध्या मिनिटाचं काम आहे हे.

११ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी तक्रार. आणि आज मास्तर नाही, बसचा ड्रायव्हर! डेपोच्या फाटकातून बाहेर काढताना गाडी खांबाला घासली, तेव्हा कळलं म्हणे की चष्म्यात काहीतरी गडबड आहे. साहेबांचा चेहरा पांढराफटक. "अहो, याच्या मागं पन्नास माणसं बसतात! कुठं दरीत गेला असता म्हणजे?" परत तेच. डावा रकाना रिकामा आणि डावी काच जाड.

केबिनमध्ये पंचायत बसली. ताई म्हणाल्या, "रकाना रिकामा असला की मी नुसतं एन्टर मारते. फाईल बसवली तेव्हा यांनीच तसं सांगितलं होतं." यांनीच! म्हणजे मी! मी असं सांगीन? उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी साफ सांगितलं, "साहेब, माझी फाईल चुकत नाही. लिहाल तेच करते ती. माणसं चुकतात."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे चूक ताईंची?"

"दुसऱ्या कोणाची असणार?"

मला वाटलं ताई भांडतील. भांडल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी ताईंना महिनाअखेरपर्यंत घरी बसवलं. "मग बघू, ठेवायचं की काढायचं." त्यांच्या जागी काउंटरवरच्या बाई बसल्या.

ताईंनी डबा उचलला, पर्स उचलली, उशी तशीच ठेवली. जाता जाता माझ्या दाराशी थांबल्या. "एकदा उघडून बघा हो ती फाईल. ह्यांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं. घरात माझ्याशिवाय कमावतं कोणी नाही." एवढंच बोलल्या आणि गेल्या.

उघडून बघा म्हणे. आता ह्या मला शिकवणार! रडगाणं गायलं की चूक धुऊन निघते असं वाटतं लोकांना.

१३ फेब्रुवारी, बुधवार

चष्मा आला. घालून जिना उतरलो आणि शेवटची पायरी चुकलो. गुडघा फुटला.

घरी बायको म्हणाली, "असा एक डोळा मिटून काय बघताय माझ्याकडे? या वयात?" चष्मा काढून दिव्यासमोर धरला. डावी काच जाड! पहिल्यांदा मनात आलं, ताईंनी सूड घेतला. मग आठवलं. ताई जेवायला गेल्या होत्या. खुर्चीत मी होतो.

जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. फाईल उघडली.

माझ्या आधीची ऑर्डर कोण्या आजीबाईंची होती. त्यांच्या डाव्या डोळ्याचा नंबर आणि माझ्या डाव्या काचेचा नंबर — एकच. मी डाव्या डोळ्याला काय लिहिलं होतं? काही नाही. रकाना रिकामा, म्हणून नुसतं एन्टर मारलं. डोकं जागेवर असलेल्या माणसानं!

प्रश्न विचारणारी जी ओळ आहे ना, तिला नुसतं एन्टर मिळालं की ती रिकामं उत्तर घेतच नाही. आधीचं उत्तर तसंच धरून बसते. आजीबाईंचा डोळा माझ्या माथी. ड्रायव्हरच्या माथी आणखी कोणाचा, मास्तरांच्या माथी तिसऱ्याचाच. हे मला ठाऊक असायला हवं होतं. नवशिक्यालाही ठाऊक असतं! प्रश्न विचारायच्या आधी जुनं उत्तर पुसून टाकायचं, एक ओळ लागते त्याला. ती ओळ मी लिहिलीच नव्हती.

आता लिहिली. पाच मिनिटं लागली. काउंटरवरच्या बाई आल्या तेव्हा मी माझ्या टेबलावर होतो. कोणाला पत्ता नाही.

आणि सांगितलं असेन मी तसं. फाईल बसवली त्या दिवशी ताई सारख्या विचारत होत्या, हे रिकामं आहे, इथं काय लिहू? "रिकामं असेल तर मारा एन्टर आणि माझं डोकं खाऊ नका." हे वाक्य माझंच वाटतंय. दुसरं कोणी असं बोलत नाही तिथं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोला सांगून बसलो. सांगायला नको होतं.

"मग साहेबांना सांगितलंत?"

"सांगीन. संधी बघून."

"दुसऱ्याची चूक असती तर एव्हाना गावभर दवंडी पिटून झाली असती तुमची!"

बायका म्हणजे ना! हिला काय जातंय बोलायला? सगळ्यांसमोर म्हणालो होतो, माझी फाईल चुकत नाही. घासणीच्या खोलीतले आयुष्यभर पुरवून पुरवून हसतील मला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

केबिनपर्यंत गेलो. साहेब फोनवर होते. परत आलो.

दुपारी ताईंचा फोन. "उघडलीत का हो फाईल?"

"बघतो," म्हटलं.

बघतो! लाज कशी वाटली नाही?

२५ फेब्रुवारी, सोमवार

साहेब खुशीत. स्वतः माझ्या खोलीत आले, खांद्यावर थाप मारली. "बघा! ताई घरी बसल्या आणि एक तक्रार नाही. एक! सगळं सुतासारखं सरळ. आणखी काय पुरावा पाहिजे?"

म्हटलं, "साहेब, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते कधी कधी."

"कसला कावळा? तुम्ही त्या दिवशी ठणकावून बोललात म्हणून कळलं. नाहीतर मी मशीनच बदलणार होतो."

काउंटरवरच्या बाई पण मान डोलवत होत्या. त्यांना वाटतंय त्याच फार हुशार. त्या रिकाम्या रकान्याला नुसतं एन्टर मारतात आणि साधी काच येते, कारण मी ती ओळ घातली! मी फाईल सुधारली नसती तर यांच्याही हातून चूक झाली असती आणि ताई सुटल्या असत्या. मी सुधारली, आणि फास ताईंच्याच गळ्याला बसला. वा रे शहाण्या!

ताईंच्या उशीवर आता ह्या बाई बसतात.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या सांगणार. महिना संपला, आता टाळायला जागा नाही. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलंय — "साहेब, चूक फाईलची होती."

बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "फाईलची? आणि ती फाईल काय आभाळातून पडली?"

बरं. "चूक माझी होती." चार वेळा म्हणून बघितलं आरशासमोर. जमतंय. जीभ काही झडली नाही. ताईंना फोनही मीच करणार, साहेबांच्या समोरूनच. म्हणणार, उद्यापासून या, उशी वाट बघतेय. हसतील बिचाऱ्या. इतरांनाही हसू दे, दोन दिवस हसतील आणि विसरतील.

१ मार्च, शुक्रवार

मी जायच्या आधी साहेबच आले. दारात उभे. "ताईंना आज काय ते कळवायचंय. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, चूक त्यांची. अजून तेच ना? की काही वेगळं सांगायचंय?"

मागं काउंटरवरच्या बाई, घासणीच्या खोलीतले दोघं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी तोंड उघडलंच नाही.

साहेब मग म्हणाले, "बरं. मग आधीचंच धरतो."