वरच्या खोलीतल्या पाहुण्या

३ नोव्हेंबर
वरच्या खोलीतल्या बाईंनी मुक्काम पुन्हा वाढवला. खोलीचं भाडं वाढतंय, आनंद व्हायला हवा, पण मला आलाय राग! खिडकीशी ठेवलेली खुर्ची त्यांनी परत उचलून दाराशी नेली. किती दुकानं पालथी घालून आणली ती मी! सकाळचं ऊन बरोबर मांडीवर यावं, पुस्तक घेऊन निवांत बसता यावं, म्हणून तिची जागा ठरवली. आणि बाईंचे पडदे दिवसभर बंद. झाडलोट करताना मी खुर्ची खिडकीशी आणते, दुसऱ्या दिवशी ती दाराशी. न बोलता भांडण चाललंय आमचं.

हे हसतात. "तुझी सजावट बोचतेय त्यांना." दाराला सदानकदा आतून कडी, म्हणून ह्यांनी नावही ठेवलंय — कडीबाई.

५ नोव्हेंबर
उशी बदलून देऊ का, म्हणून मुद्दाम विचारलं. मऊ हवी की कडक, हे मी प्रत्येक पाहुण्याला येण्याआधीच फोनवर विचारते. अशा गोष्टींसाठीच तर लोक परत येतात आपल्याकडे. बाई म्हणाल्या, "सगळं छान आहे. तुम्ही फार करता हो." आणि डोळेच भरून आले त्यांचे! मी उशी नीट ठेवून खाली आले. पाहुण्याला 'का आलात' विचारायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम.

६ नोव्हेंबर
उलगडा झाला! बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. काय गोड बोलणं! "माझी बायको तुमच्याकडेच उतरलीय ना? जरा रुसून आलीय. उद्या लग्नाचा वाढदिवस आहे, अचानक येऊन चकित करायचंय तिला. एवढी मदत कराल?" मी विरघळलेच. हो हो, आमच्याकडेच आहेत म्हटलं. पत्ता नीट समजावला. मागच्या जिन्याने या, म्हणजे चाहूल लागणार नाही. जिन्याच्या दाराच्या कुलपाचे आकडेसुद्धा सांगून टाकले. दुपारी जाऊन फुलं आणली.

हे म्हणाले, "चला, कडीबाईंची कडी निघणार तर!"

७ नोव्हेंबर, दुपार
घाईत लिहितेय. अक्षर बघवत नाही.

सकाळी बाई खाली नाश्त्याला बसल्या तेव्हा मी फुलं मांडायला वर गेले. खुर्ची दाराशीच. ओढायला वाकले आणि दिसलं — तिच्या पाठीचा रंग वरच्या कडेला घासून उडालाय, अगदी दाराच्या मुठीच्या उंचीला. फरशीवर पायांचे चरे. बसायला नव्हतीच ती! मुठीखाली अडकवून दार रोखायला होती. आणि मी रोज काढून ठेवत होते.

खाली आले, बाईंना फोनचं सगळं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता येणार आहे?" मग म्हणाल्या, "मागच्या वेळी नुसती कडी होती. त्याने दार तोडलं." पोलिसांकडे जाऊ म्हटलं. "गेले होते. त्यांच्याशीही तो असाच गोड बोलला."

गावातल्या सगळ्या खोल्यावाल्यांना फोन केले असणार त्याने. 'हो, आमच्याकडेच' म्हणणारी शहाणी मीच निघाले!

त्यांना माझ्या ताईकडे पाठवायचं ठरवलं. ताई लांब राहते, एकटीच असते, तिथे कोण जातंय शोधायला? बाईंनी शपथ घातली, कुणाला सांगू नका, तुमच्या साहेबांनाही नाही. तसंही ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाहुण्यांना चार दिवस ताईकडे राहायचंय, गाडीने सोडून या, एवढंच ह्यांना म्हटलं. ताईला सांगितलं, माझी मैत्रीण आहे. दोघांनीही जास्त विचारलं नाही.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
तो आला. हे अजून परतले नव्हते. आधी मागच्या जिन्याशी गेला — मी दिलेले आकडे दाबताना ऐकू आलं मला. ते मी दुपारीच बदलले होते. मग पुढच्या दारात येऊन उभा. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. मी म्हटलं, "त्या गेल्या. कुठे, माहीत नाही." दारात आलेल्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा पाणीसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, "काळजी करू नका वहिनी, सापडेल ती."

तीच तर काळजी आहे, मेल्या!

८ नोव्हेंबर
ताईचा फोन. "तुझी मैत्रीण पोटभर जेवली गं. अंगणात बसलीय माझ्याबरोबर. चांगली आहे, पण बोलत का नाही?" बोलेल म्हटलं, सावकाश बोलेल. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. हलकं वाटतंय आज.

९ नोव्हेंबर
हे आत्ता चहा पिता पिता म्हणाले, "अगं, काल कोपऱ्यावर कडीबाईंचा नवरा भेटला. अगदी रडकुंडीला आला होता बिचारा. मला राहवेना, ताईंचा पत्ता देऊन टाकला. मिटेल गं त्यांचं."

ताईला फोन लावतेय. उचलत नाहीये.