केशरी बाजूची गुल्ली

नांदेड,
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. तनुजा हिला,
अयोध्या मॅडमचा आशीर्वाद. सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही.

तुम्ही सगळे बरे असाल. धाकटीचा खोकला गेला का? अडुळशाचा काढा देत जा, नुसत्या औषधाच्या बाटल्या आणू नकोस. मी इथे हरिओमकडे बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुर करतो. यंदा महालक्ष्म्याही इथेच बसवल्या, उदगीरचं घर सोडून पहिल्यांदाच. सूनबाईने एकटीने सगळा घाट घातला, मी बसून भाज्या निवडल्या. हळदीकुंकवाला शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यातली एक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग सूनबाईला आत नेऊन विचारलं, "त्या व्हिडिओतल्या बाई ह्याच हायत का?" सूनबाई हो म्हणाली. ती बाई कुंकू न लावून घेताच निघून गेली.

तुला फोन करून थकले. आधी तू उचलत नव्हतीस, आता तर रिंगही जात नाही. म्हणून पोस्टाने लिहिते आहे, शाळेच्या पत्त्यावर. पाकिटावर 'प्रभारी मुख्याध्यापिका' लिहिताना पेन थोडं अडलं, पण पद आहे ते आहे.

सतरा तारखेला मुक्तिसंग्राम दिन. ध्वज लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, पांढऱ्या कापडात. केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी मीच घातली होती. खांबाची दोरी जुनी झाली आहे, ती बदलून घे. फुलं आदल्या दिवशी आणून ठेवू नकोस, ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात. हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी सांगितल्याशिवाय माझं भागत नाही, हेही तुला ठाऊक आहे.

सातवीत असताना तू मला विचारलं होतंस, "मॅडम, चक्राला चोवीसच आऱ्या कशाला? बावीस काढल्या तर कुणाला कळतंय?" मी तुझा कागद फाडला आणि परत काढायला लावला. तू डोळे पुसत पुसत चोवीस आऱ्या काढल्यास आणि माझ्या टेबलावर कागद आपटून गेलीस. तेव्हाच मला तू आवडली होतीस. तुझ्या आईने, कस्तुराबाईने, तुला माझ्या दारात आणून सोडलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, ही तुमच्या वटीत घातली." तू माझ्या घरी राहून शिकलीस, बी.एड. केलंस, माझ्याच शाळेत लागलीस. हे उपकार म्हणून मोजत नाही. मला लेक नव्हती, ती हौस तू भागवलीस.

आता त्या सकाळचं लिहिते. किती टाळणार?

पंधरा ऑगस्टला मी बसमधून उतरून गेटात आले, तर ध्वज बांधून वर गेलेला होता. इतकी वर्षं बांधायचा हात माझा आणि पाकळ्या भरायचा हात तुझा. मी म्हटलं, "अगं, माझी वाट तरी बघायची." तू म्हणालीस, "बस लेट व्हईल म्हणलं मॅडम. समदं बघितलंय मी. हणमंतराव आलेत, तुमी तिकडं चला." आणि माझ्या पदराला बिल्ला लावलास. संस्थेचे अध्यक्ष आलेत म्हटल्यावर मी तिकडे गेले. गाठ तपासली नाही. तू बांधलेली गाठ मी कशाला तपासू?

मी दोरी ओढली. पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत सुरू झालं, सलामी देऊन मी नीट वर पाहिलं, तर हिरवा वर आणि केशरी खाली. राष्ट्रगीत चालू असताना हलता येत नाही, हे मीच पोरांना शिकवलेलं. उलट्या ध्वजाखाली मी ताठ उभी राहिले. इतकं लांब राष्ट्रगीत मी आयुष्यात ऐकलं नाही.

ऑफिसात तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. "चुकून झालं मॅडम, आईची शपथ. माझी नोकरी जाईल, लेकरं लहान हायत." मी तुझं तोंड पुसलं, बाहेर गेले आणि हणमंतरावांना सगळ्यांसमोर सांगितलं, बांधला मी, चूक माझी. मला वाटलं, माझं एकच वर्ष राहिलंय, समज देतील आणि सोडून देतील.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावोगाव गेला होता. उदगीरच्या घरासमोर पोरं जमली, घोषणा झाल्या, दारावरच्या पाटीला शाई फासली. ह्यांच्या, तुझ्या काकांच्या हातची ती पाटी होती, ते गेल्यावरही मी बदलली नव्हती. निलंबनाचा कागद हातात आला तेव्हा हरिओम मला इकडे घेऊन आला. पेन्शनचं काय होणार हे कुणी सांगत नाही, आणि विचारायला गेलं की लोक आधी मोबाईलमध्ये बघतात आणि मग माझ्याकडे.

हेही मी गिळलं असतं. पण लातूरला चौकशीच्या खोलीत तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणालीस, "मॅडमचं वय झालंय सर, हात कापतात. मी दोनदा म्हणले, मी बांधते, पण त्यांनी ऐकलं न्हाई." मीच आधी कबूल केलं होतं, आता काय बोलणार? पण माझे हात कापत नाहीत, तनुजा. हे अक्षर बघ.

त्यानंतर मी तो व्हिडिओ पाहिला. तोपर्यंत पाहिलाच नव्हता, धीर होत नव्हता. हरिओमला म्हटलं, दाखव, आणि मोठा करून दाखव. आवाजावरून कळलं की तो वीरभद्ररावांनी काढलाय. ज्या माणसाला नऊच्या आधी अंथरूण सोडवत नाही, ज्याने लग्नापासून एक झेंडावंदन पाहिलं नाही, तो तुझा नवरा त्या दिवशी सकाळी आंघोळ करून मैदानात हजर होता. आणि मी दोरीला हात लावायच्या आधीपासून त्याचा मोबाईल खांबाच्या टोकावर धरलेला होता.

तरी मी मनाची समजूत घालत होते. हौस आली असेल, म्हटलं. मग गुल्लीची आठवण झाली. आपल्या खादीच्या ध्वजाला केशरी बाजूच्या दोरीला लाकडाची गुल्ली आहे, ती वरच्या फासात अडकवायची. नुसत्या हाताला कळतं कोणती बाजू वर ते. मी तुम्हा पोरींना डोळे मिटून ती शोधायला लावत होते, आणि तू दरवेळी पहिली यायचीस. ती गुल्ली खाली बांधायची तर मुद्दाम बांधावी लागते.

आणि मग ती जागा आली, जिथे हरिओमने व्हिडिओ थांबवला. गाठ सुटली आहे, पाकळ्या अजून हवेत आहेत, वीरभद्ररावांनी मोबाईल खाली माझ्यावर आणला आहे. हणमंतरावांची मान वर, मास्तरांच्या माना वर, सगळी पोरं वर बघून हसताहेत. पाकळ्या पडताना कोण वर बघत नाही? एकटी तू वर बघत नाहीस. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

हरिओम म्हणाला, "आई, बंद करू का?" मी म्हटलं, राहू दे थोडं.

कशासाठी केलंस हे मला समजतं, मी खुळी नाही. पुढच्या वर्षी मी रिटायर झाले असते तर खुर्ची हणमंतरावांच्या भाच्याला गेली असती, त्या पदाला लागणारी त्याच्या नोकरीची वर्षं तोवर भरतात. यंदा रिकामी झाली तर तुझीच. हे तू माझ्या ओट्यावर चहा पीत पीत सांगितलं असतंस, तर मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला असता. भांडले असते, चार शब्द सुनावले असते, आणि दिला असता. तू मागितलंच नाहीस. मी देणार नाही असं तुला वाटलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. शाईचाही एवढा नाही.

एकोणीस तारखेला लातूरला पुन्हा चौकशी आहे. मी पहिला जबाब मागे घेणार आहे. तो खोटा होता, त्याची शिक्षा होईल ती होवो. व्हिडिओ आणि गुल्ली, दोन्ही मी साहेबांपुढे ठेवणार आहे. कस्तुराबाईचा विचार करून दोन रात्री जागी होते, तरीही ठेवणार आहे. तुला आधी कळवते, कारण पाठीमागून काही करणं मला येत नाही. तुला ते कुणी शिकवलं, माहीत नाही. मी नाही.

सतरा तारखेला सकाळी मी येणार आहे. शाळेत पाऊल टाकायची मला मनाई आहे, म्हणून कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी राहीन. ध्वज सुलटाच फडकेल याची मला खात्री आहे, तो कसा बांधायचा हे तुला येतं. तू दोरी ओढशील, पाकळ्या पडतील, सगळे वर बघतील. या वेळी तूही वर बघ. माझ्या तोंडाकडे बघू नकोस.

धाकटीला काढा दे.

अयोध्या बिरादार

नावाच्या आधी 'तुझी' लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.